दिवा यायचाय

“तो थांबायचा म्हणून मी थांबायचो. यात माझं काय चुकलं?”

हे वाक्य धाकटा एकदा स्टुलावर उभा राहून, स्वयंपाकघरातला बल्ब फिरवता फिरवता म्हणाला होता. खाली स्टूल धरून त्याची बायको उभी होती. तिने त्याला काहीही विचारलेलं नव्हतं. तिने नुसतं वर पाहिलं आणि म्हणाली, “बल्ब लागला का?”

बल्ब लागला होता. वाक्य मात्र त्या घरात बरीच वर्षं जागा शोधत फिरत होतं. मधूनच ते बाहेर यायचं, बूट घालताना, नळ दुरुस्त करताना, आणि कुणी उत्तर देत नाही असं बघून परत आत जायचं.

थोरला आणि धाकटा हे सख्खे भाऊ. नाटकवाल्यांत ते याच नावांनी ओळखले जात, आणि भुवया पांढऱ्या झाल्या तरी धाकटा धाकटाच राहिला. थोरला नट होता. धाकटा दिवे चालवायचा. एक जण उजेडात उभा राही. दुसरा प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला, छताला टेकलेल्या काचेच्या केबिनमध्ये, त्या उजेडाच्या दांड्या वर-खाली करीत बसे. मधे माणसांनी भरलेला अंधार.

“उंटावरून शेळ्या हाकतो आमचा धाकटा,” थोरला सगळ्यांसमोर म्हणायचा. त्यानेच त्याचं नाव वाघळ्या ठेवलं होतं. वटवाघळासारखा उंचावर, काळोखात, आणि कान टवकारलेला. धाकट्याला ते नाव आवडायचं. तसं त्याने कधी सांगितलं नाही. तो फार कमी गोष्टी सांगायचा.

लहानपणी थोरला पलंगावर उभा राहून राजाची भाषणं ठोकायचा आणि धाकटा टॉर्चच्या तोंडाला कागदाचं नरसाळं लावून त्याच्या चेहऱ्यावर गोल उजेड पाडायचा. राजा हलला की गोल हलायचा. त्यांची आई दारातून म्हणायची, “एक घसा बसवतोय, दुसरा बॅटरी. दोघे मिळून घर बसवतील.” घर बसलं नाही. थोरल्याचं नाव झालं. धाकट्याचं झालं नाही आणि त्याला ते रास्तच वाटे. दिवा लावणाऱ्याचं नाव झालं तर प्रेक्षक दिव्याकडे बघतील, नटाकडे कोण बघणार?

त्याची काम करण्याची रीत एकच होती. तो संहिता समोर ठेवत नसे, घड्याळ बघत नसे. माणूस बोलायच्या आधी त्याचं अंग बोलतं, असं त्याला वाटे: खांदा किंचित चढतो, श्वास आत जातो, टाच उचलली जाते. ते दिसलं की त्याचा हात दांडीवर सरके. उजेडाने नटाच्या मागून यावं, पाऊलभर मागून, सोबतीसारखं. पुढे धावला तर ती चुगली. आता इथे काहीतरी होणार आहे, असं प्रेक्षकाच्या कानात सांगणारा दिवा त्याला चहाडखोर माणसासारखा वाटायचा. घरीसुद्धा तो दुसऱ्याने पाऊल टाकल्याशिवाय खोलीतला दिवा लावत नसे. बायको म्हणायची, “यांच्या राज्यात ठेच आधी, उजेड मागून.”

दोघा भावांचं सगळ्यांत गाजलेलं काम म्हणजे एक एकपात्री नाटक. एक म्हातारा आपलं घर कायमचं बंद करून निघालेला असतो. एकेका वस्तूशी बोलतो, एकेक दिवा मालवत जातो. शेवटी पेटीला कुलूप घालून उभा राहतो. सगळीकडे काळोख झालेला, म्हाताऱ्याची आकृती तेवढी दिसते. मग कोपऱ्यातल्या एका रिकाम्या लाकडी खुर्चीवर वरून दिवा पडतो. म्हातारा खुर्चीकडे बघतो आणि म्हणतो, “तू बस. मी निघतो.” नाटक संपतं.

कुलूप आणि ते वाक्य यांच्यामध्ये थोरला थांबायचा. पहिल्या प्रयोगांत थोडासाच. पुढे तो थांबा वाढत गेला. काळोखात म्हातारा नुसता उभा, प्रेक्षागृहात कुणी श्वास सोडत नसे, मग तो हळूच हनुवटी वर करायचा, आणि खुर्ची उजळायची. लोक त्या शांततेसाठी पुन्हा पुन्हा येऊ लागले. वर्तमानपत्रांत तिच्याबद्दल छापून आलं. कुणी लिहिलं की त्या शांततेत म्हातारा सगळं आयुष्य डोळ्यांखालून घालतो. थोरला ते वाचून हसला होता. “मी नुसता उभा असतो,” तो म्हणाला होता, पण फार मोठ्याने नाही.

खरं असं होतं की त्या थांब्याबद्दल दोघे भाऊ कधी बोललेच नव्हते. धाकट्याला वाटे, ही थोरल्याची लकब. तो हनुवटी वर करील तेव्हा दिवा द्यायचा. थोरल्याला वाटे, ही धाकट्याची लकब. तो दिवा देईल तेव्हा बोलायचं. दोघेही आपापल्या परीने दुसऱ्याला सांभाळून घेत होते, आणि अशी सांभाळून घेतलेली गोष्ट वर्षानुवर्षं नीट चालते. एक दिवस थोरल्याची मान आखडली.

म्हणजे अक्षरशः आखडली. उशी बदलल्याने की काय, मान ना डावीकडे वळे ना वर जाई. प्रयोग रद्द करण्याएवढं काही ते दुखणं नव्हतं. म्हाताऱ्याची आखडलेली मान शोभूनच दिसत होती. सगळं सुरळीत झालं. शेवटी कुलूप लागलं. थोरला काळोखात उभा राहिला. धाकटा वर दांडीवर हात ठेवून हनुवटीची वाट बघत राहिला. थोरला दिव्याची वाट बघत राहिला. शांतता वाढली. आधी ती सुंदर होती, मग लांब झाली, मग एक जण खोकला, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी काळजीने विचारलं, “लाइट गेले का?”

प्रेक्षागृह हसलं. एकदा हसलं की ते परत येत नाही.

रंगपटात थोरला तोंडाचा रंगही न पुसता उभा होता. “झोपला होतास का, वाघळ्या?”

“तू मान वर केली नाहीस.”

“मान आखडलीय माझी! आणि मी मान कशाला वर करू? दिवा आला की खुर्ची दिसते, खुर्ची दिसली की मी बोलतो. सरळ आहे.”

“मग रोज वर का बघतोस?”

“तू जागा आहेस का ते बघायला!”

धाकटा म्हणाला, “तुझा थांबा पेपरात मिरवतोस आणि आता माझ्या गळ्यात बांधतोस.”

“थांबा माझा नाहीच. तुला उशीर करायची खोड. ती मी इतकी वर्षं कला म्हणून खपवली.”

बस, एवढंच. आरडाओरडा झाला नाही, कुणी कुणाच्या अंगावर गेलं नाही. नाटकाचे ठरलेले थोडे प्रयोग बाकी होते, ते दुसऱ्या दिवेवाल्याने केले. धाकटा फर्निचरच्या एका मोठ्या दुकानात लागला. तिथे सोफ्यांवर उजेड कसा पडावा हे तो बघायचा. “सोफा बरा,” तो म्हणायचा. “एन्ट्री चुकवत नाही.” भावाभावांत बोलणं बंद झालं असंही नाही. सणावाराला, आजारपणाला ते एकमेकांकडे जात, गुडघेदुखीबद्दल बोलत, छताच्या गळतीबद्दल बोलत. त्या थांब्याचा विषय मात्र दोघांच्या मधे सांडलेल्या पाण्यासारखा पडून असायचा आणि दोघे पाय न भिजवता त्याच्या कडेने जायचे.

थोरला दवाखान्यात होता तेव्हा धाकटा त्याला भेटायला गेला. पलंगाच्या वरची ट्यूबलाइट फडफडत होती. धाकट्याने खुर्चीवर चढून ती काढली, टोकं पुसली, पुन्हा बसवली. फडफड थांबली. “बरं केलंस,” थोरला म्हणाला. “डोळ्यांवर येत होतं.” विचारायचं ते धाकट्याने विचारलं नाही. पुढच्या खेपेला विचारू, असं म्हणून तो निघाला, आणि पुढची खेप आली नाही.

तेव्हापासून ते वाक्य घरात फिरत होतं.

थोरल्याची मुलगी चित्रफिती बनवते. ती एक दिवस दुकानात आली, सोफ्यावर बसली आणि म्हणाली, “काका, मला तू हवायस.”

तिच्याजवळ एक व्हिडिओ होता. आजारपणाच्या आधी तिने बापाला घरात, खिडकीपाशी उभं करून त्या नाटकाचा शेवटचा भाग करायला लावला होता. प्रेक्षक नाहीत, दिवे नाहीत. संध्याकाळचा खिडकीतला उजेड आणि छताचा पंखा. आता एका कलादालनात तिला खोली मिळाली होती. पडद्यावर बाबा, आणि पडद्यासमोर खऱ्या वस्तू: नाटकातलं तेच कपाट, तोच आरसा, तीच पेटी, तीच खुर्ची. बाबा पडद्यावर एकेका वस्तूशी बोलतील तसा खोलीतला दिवा त्या खऱ्या वस्तूवर पडेल. पडद्यावरची संध्याकाळ उतरेल तशी खोलीतलीही उतरेल. आणि शेवटी बाबा पडद्यातून खऱ्या खुर्चीला सांगतील, तू बस, मी निघतो.

“बाबांना दुसऱ्या कुणी दिवा दिला तर ते मला छळतील,” पुतणी म्हणाली.

धाकट्याने सोफ्यावरची सुरकुती हाताने सारखी केली. त्याला दुसरंच काहीतरी दिसत होतं. थोरला दिव्याशिवाय एकटा, केबिनमध्ये कुणी नाही. तो थांबला असेल की नसेल? आपणहून थांबला असेल, तर थांबा त्याचा, आणि आपलं काही चुकलं नाही. न थांबता बोलून मोकळा झाला असेल, तर त्याला आपण अडवून ठेवत होतो. आयुष्यभर. हे आता बघता येणार होतं.

“येतो,” तो म्हणाला.

कलादालन म्हणजे पूर्वीचा छापखाना. फरशीवर यंत्रं आवळल्याच्या लोखंडी खुणा तशाच होत्या. खिडक्यांना काळा कागद लावलेला, त्यामुळे भरदुपारी आत रात्र. एक जाडजूड, शांत तंत्रज्ञ गळ्यात हेडफोन अडकवून बसला होता. तो बिस्किटं खायचा, पण यंत्रांपासून चार हात लांब जाऊन. धाकट्याला तो लगेच आवडला.

तंत्रज्ञाने समजावलं ते असं: व्हिडिओ चालू असताना आपण आता कुठे आहोत हे तो क्षणाक्षणाला दिव्यांच्या यंत्राला कळवत राहतो. ते ऐकून यंत्र ठरल्या जागी ठरला दिवा लावतं. जागा एकदा नक्की झाल्या की माणूस नको. व्हिडिओ संपतो, पहिल्यापासून सुरू होतो, दिवेही त्याच्याबरोबर.

“जागा वेळेच्या आकड्यांनी पण टाकता येतात,” तो म्हणाला. “पण काका, तुम्ही हाताने चालवा. तुमचा हात कुठे कुठे हलला ते यंत्र लक्षात ठेवील.”

“चुकला तरी?”

“चुकलेलं तर फारच नीट ठेवतं.”

व्हिडिओ लागला. पडद्यावर थोरला आला. घरातला सदरा, वरचं बटण तुटलेलं. पुतणीने श्वास धरला आणि काकाकडे पाहिलं. धाकटा बराच वेळ बघत राहिला.

“पडदा जरा खाली घ्या,” तो म्हणाला. “तो एवढा उंच नव्हता.”

पडदा खाली घेतला गेला. मग काम सुरू झालं आणि कामात सगळं सोपं असतं. थोरला कपाटाशी बोलला, कपाटावर दिवा आला. आरशाशी बोलला, आरशावर आला. दिवे जुन्या धर्तीचे होते, तारेचे. पुतणीने हट्टाने शोधून आणले होते, कारण नवे दिवे एकदम लागतात आणि खोली दवाखान्यासारखी दिसते. जुन्या दिव्याची तार तापायला एक श्वास लागतो. धाकट्याचा हात तो श्वास धरूनच हलत होता. खिडकीतली संध्याकाळ उतरताना खोलीतली संध्याकाळ इतकी बेमालूम उतरली की तंत्रज्ञ बिस्किट हातात धरून उभा राहिला.

मग पेटीला कुलूप लागलं. थोरला उभा राहिला. पडद्यावर क्षणभर खिडकीचा हलणारा पडदा दिसला, पुन्हा थोरला दिसला, आणि तो म्हणाला, “तू बस. मी निघतो.”

खुर्चीवर अंधार होता. वाक्य संपल्यावर दिवा आला.

“बाबा अंधारालाच बस म्हणाले,” पुतणी हसली. “पुन्हा घेऊ.”

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. धाकट्याला आता वाक्य कुठे येतं ते माहीत होतं, डोक्याला माहीत होतं. पण हात हनुवटीची वाट बघत होता आणि हनुवटी वर जात नव्हती. तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटून पाहिलं. तेव्हा तर दिवा आणखी उशिरा आला.

“काका, राहू द्या,” तंत्रज्ञ हळूच म्हणाला. “मी आकडा घालून मागे सरकवतो. एका मिनिटाचं काम.”

“उद्या,” धाकटा म्हणाला.

घरी आल्यावर त्याने बूट काढले आणि दारातच बसून राहिला. बायको आतून आली.

“काय झालं?”

“काही नाही.”

“म्हणजे पुष्कळ झालं. बोला.”

“तो थांबत नाही.”

“कोण?”

“दादा. व्हिडिओत. कुलूप लावतो, उभा राहतो, बोलून मोकळा होतो.” त्याने बुटाची नाडी बोटाला गुंडाळली. “मी नसलो की तो थांबत नाही. म्हणजे उशीर माझाच. माझ्यावाचून त्याचं काही अडत नव्हतं. उलट मीच अडवत होतो.”

बायकोने त्याचे बूट उचलून कडेला ठेवले. “उशिरा तर तुम्ही आपल्या लग्नालाही आला होता.”

“बस चुकली होती.”

“दरवेळी काहीतरी चुकलेलंच असतं. मी थांबलेच ना?” ती त्याच्याजवळ पायरीवर टेकली. “चहा टाकू का सांगा. ते तरी वेळेवर सांगा.”

दुसऱ्या दिवशी धाकट्याने तंत्रज्ञाला आकडा घालू दिला. दिवा वाक्याच्या आधी येऊन बसला. आता सगळं बरोबर होतं. पुतणीने टाळी वाजवली. धाकटा म्हणाला, “झालं तर मग,” आणि पिशवी शोधू लागला. त्याचा चेहरा, हरलेला दावा एकदाचा निकालात निघाल्यावर माणसाचा होतो, तसा झाला होता. त्यात थोडी विश्रांतीही होती.

“एक मिनिट,” तंत्रज्ञ म्हणाला. तो हेडफोन कानाला लावून आवाज तपासत होता. “इथे पंखा तुटतो.”

“पंखा?” पुतणी म्हणाली.

“छताचा. सगळ्या व्हिडिओभर कुरकुर करतो, एका चालीत. कुलपानंतर चाल मोडते. खिडकीचा पडदा दिसतो ना, तिथे. मधला काही भाग काढलाय का?”

पुतणी ओशाळली. “हो, थोडा काढलाय. बाबा वाक्य विसरले होते तिथे. उगाच उभे होते, वर पंख्याकडे बघत. मग मीच कॅमेऱ्यामागून काहीतरी विचारलं, तेही त्यात आलं. म्हणून कापलं आणि खिडकी लावली.”

धाकट्याच्या हातातली पिशवी तिथेच राहिली. “कुठे बघत?”

“वर.”

“अगं, तोच तर त्याचा थांबा!”

“तो? मला वाटलं, लोक म्हणतात तो थांबा, बाबा पेटीपाशी बसलेले असतात तेव्हाचा. तो मी ठेवलाय. मी लहान होते काका, शेवटापर्यंत जागी कधी राहिले? आणि घरात त्याबद्दल कुणी बोलायचंच नाही.”

हे खरं होतं. सांभाळून ठेवलेल्या गप्पपणातून मुलीला एवढंच मिळालं होतं, की कुठेतरी एक थांबा आहे.

“मूळचं आहे का?” धाकट्याने विचारलं.

होतं. तंत्रज्ञाने ते जोडून लावलं आणि उगाचच खुर्ची मागे सरकवून दूर बसला.

पेटीला कुलूप लागलं. थोरला उभा राहिला. पंखा कुरकुरत होता. थोरला कोपऱ्याकडे तोंड करून उभा होता. तिथे तेव्हा घरात खुर्ची होती की नव्हती, दिसत नव्हतं. तो वाट बघत होता. विसरलेला माणूस असा उभा राहत नाही. त्याची बोटं चाळवतात, ओठ शब्द शोधतात. याचं सगळं अंग स्वस्थ होतं, रेल्वे फाटकापाशी गाडी जाईपर्यंत उभ्या राहिलेल्या माणसासारखं. मग त्याने वळून हनुवटी वर केली. कॅमेऱ्याच्याही वर, मागे, भिंत आणि छत मिळतात तिथे पाहिलं. त्या घरात तिथे फक्त भिंत आणि छत होतं.

कॅमेऱ्यामागून मुलीचा आवाज आला, “बाबा? पुढे?”

थोरल्याने मान वळवली नाही. तसाच, तिकडेच बघत तो म्हणाला, “थांब. दिवा यायचाय.” आणि जरा वेळाने, थोडं हसून, “उशीर लावतो तो, पण देतो.”

पंखा तसाच चालू होता. मग त्याचे खांदे किंचित खाली आले, तो कोपऱ्याकडे वळला आणि म्हणाला, “तू बस. मी निघतो.”

तंत्रज्ञ बिस्किटांचा पुडा दुमडत होता. तो आवाज मोठा वाटला म्हणून तोही थांबला.

“काका,” पुतणी म्हणाली, “हे सगळं ठेवूया. बाबांचं बोलणंसुद्धा. लोकांना कळू दे.”

धाकट्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, घातला. “थांबा ठेव,” तो म्हणाला. “बोलणं काढ. ते घरातलं आहे.”

“जमेल,” तंत्रज्ञ म्हणाला. “खिडकी त्यांच्या मागे आहे, चेहरा अंधारात, ओठ दिसत नाहीत. नुसता पंखा ठेवतो. आणि दिवा? कुठे देऊ?”

आकडा सांगणं सोपं होतं. हनुवटी वर जाते तिथे, नेहमीसारखा. धाकटा पुढे आला आणि दांडीवर हात ठेवून बसला. “हाताने करतो,” म्हणाला. “लावा.”

पडद्यावर संध्याकाळ उतरली, खोलीत उतरली. कुलूप लागलं. थोरला उठून उभा राहिला, आणि त्याचं अंग स्वस्थ होऊ लागलं तेव्हाच, हनुवटीच्या कितीतरी आधी, धाकट्याने दांडी वर सरकवली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने नटाला काही विचारलं नाही. तार लाल झाली, मग पिवळी, आणि खुर्ची काळोखातून हळूहळू वर आली, तिची पाठ, तिचे हात, दुरुस्त केलेला एक पाय. दिवा येऊन बसला होता. त्यानंतर थोरल्याने हनुवटी वर केली.

हनुवटी तीच होती. पण आता तो काही मागत नव्हता. रस्त्याच्या पलीकडून ओळखीचा माणूस दिसला की आपण मान उचलून ‘आलास का’ करतो, तसं त्याने केलं.

“अरे वा,” तंत्रज्ञ एवढंच म्हणाला.

“चुगली झाली,” धाकटा म्हणाला. “होऊ दे.”

उद्घाटन सकाळी होतं. माणसं आली, काळ्या पडद्यातून आत शिरली, बाकांवर बसली. काही जण उभे राहिले. धाकट्याने नेहमीच्या सवयीने मागची भिंत गाठली, पण बायकोने त्याला बाहीला धरून बाकावर बसवलं. त्याच्या हाताला काही काम नव्हतं. तो हात मांडीवर उपडा ठेवलेला होता आणि जागच्या जागी किंचित हलत होता, झोपेत कुत्र्याचा पाय हलतो तसा. बायकोने त्यावर आपला हात ठेवला नाही. तिला ते काम कळत होतं.

कपाट उजळलं, विझलं. आरसा उजळला, विझला. यंत्र काही विसरलं नाही. संध्याकाळ उतरली तेव्हा एका मुलीने आईला विचारलं, “आता घरी जायचं?” आणि आईने तिला उगी केलं. पेटीला कुलूप लागलं. काळोख. त्या काळोखात पंख्याची कुरकुर. मग खुर्ची उजळली, आणि मोठ्या पडद्यावर, वरचं बटण तुटलेल्या सदऱ्यातल्या माणसाने हनुवटी वर करून, सगळ्या डोक्यांवरून, मागच्या भिंतीवर उंच कुठेतरी पाहिलं. बाकांवरच्या दोघा-तिघांनी वळून मागे पाहिलं, कोण आलं म्हणून.

“तू बस. मी निघतो.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवायच्या की नाही हे लोकांना ठरवता आलं नाही. पडदा काळा झाला. खुर्चीवरचा दिवा तेवढा थोडा वेळ राहिला, मग तार लाल होत होत विझली, आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पडद्यावर थोरला आपल्या घरात आला.

“आणखी एकदा बघायचं?” बायकोने हळूच विचारलं. “आता मला कळतंय कुठे काय आहे ते.”

धाकट्याने पडद्याकडे पाहिलं. थोरला कपाटापाशी पोचला होता. कपाटावर दिवा आला, वेळेवर. तो आता येतच राहणार होता.

धाकटा उठला. त्याने बायकोची पिशवी तिच्या मांडीवर नीट ठेवली, तिच्या खांद्याला दोन बोटं लावून ती बसल्या जागीच बसू दे अशी खूण केली, आणि भिंतीच्या कडेने, कुणाच्या डोळ्यांसमोरून न जाता, काळा पडदा बाजूला सारून बाहेरच्या उन्हात निघून गेला.